अनशीचं बाकडं

घाटाला अजून रस्ता नव्हता, नुसती बैलवाट होती, आणि त्या वाटेने खाली येणारा प्रत्येक माणूस थकूनच यायचा, तेव्हाची ही गोष्ट. किती वर्षं झाली ते विचारू नका. विचारलंत तर दांडेखोलमधला प्रत्येक जण वेगळा आकडा सांगेल, त्यावरून दोघे भांडतील आणि गोष्ट राहील बाजूला. फार वर्षं झाली, एवढं पुरे.

दांडेखोल घाटाच्या पायथ्याशी. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला डोंगर. खाडीतून मचवे यायचे मीठ आणि सुकी मासळी घेऊन. डोंगरावरून बैलांचे तांडे उतरायचे धान्य आणि गूळ घेऊन. दोघांची गाठ पडायची ती गावाबाहेरच्या माडीच्या खोपीत. खोप म्हणजे काय, माडाच्या विणलेल्या झापांचं छप्पर, सारवलेली जमीन, कडेने बाकडी, मधोमध छपराचा सगळा भार घेणारी एक जाड मेढ, आणि मेढीशेजारी माडीने भरलेला मातीचा डेरा. माडी, म्हणजे माडाचा रस, सकाळी उतरवली की गोड असते, दुपार कलली की चढते, आणि संध्याकाळी माणसाला खरं बोलायला लावते. म्हणून खोपीत संध्याकाळी गर्दी असायची.

पहिला खोपवाला धाकू भंडारी. माणूस गोड, पण कुणी बस म्हटलं की बसायचा, आणि बसला की प्यायचा. एकदा असाच गिऱ्हाइकांबरोबर बसला असताना मचव्यावरच्या एका तांडेलाची आणि एका बैलवाल्याची जुंपली. कशावरून, तर आधी कुणाला वाढलं यावरून. धाकू इतका प्यायला होता की त्याला ती गंमत वाटली. तो हसत बसला. त्या दोघांतला एक जण पुन्हा उठला नाही.

शुद्धीवर आल्यावर धाकू रडत राखणदाराच्या दगडापाशी गेला. राखणदार म्हणजे गावाची सीमा सांभाळणारा देव. त्याला देऊळ नाही, वडाखाली एक उभा दगड आहे. तो रोज रात्री सगळ्या गावाभोवती फेरी घालतो, म्हणून गाव त्याच्यापुढे जत्रेच्या दिवशी कोऱ्या वहाणा ठेवतं, आणि वर्ष सरेपर्यंत त्यांचे तळ झिजलेले असतात, असं म्हणतात. त्या दगडापुढे धाकूने आपली वाढायची करवंटी धरली आणि शब्द दिला. रोजची पहिली करवंटी देवाला. खोपीत एक जरी बाहेरचा माणूस बसलेला असला तरी खोपवाला कुठेही बसणार नाही आणि थेंब चाखणार नाही. आणि ही करवंटी दुसऱ्या कुणी आपण होऊन मागितली तरच हातातून सुटेल, तोवर सुटणार नाही.

त्या दिवसापासून खोपीत मारामारी झाली नाही. समोर एक माणूस शुद्धीत उभा असला की बसलेल्यांना जरा लाज असते.

धाकूनंतर त्याचा मुलगा सोमा. हा जरा चलाख. त्याने पळवाट काढली. दिवस मावळायच्या आत लोकांना हाकलायचा आणि स्वतः ऐसपैस बसायचा. महिन्याभरात माड आटले. वर मडकी लावावीत तर सकाळी त्यांत मुंग्या. शेवटी सोमाने नाक घासलं तेव्हा माडांना पुन्हा पाझर फुटला, असं म्हणतात. मग त्याने गुरवाला विचारलं, की रात्री वाटसरू खोपीत आडवे होतात, तेव्हा तरी बसलं तर चालेल ना, आडवा माणूस काही बसलेला नसतो. गुरवाने देवाला कौल लावला आणि सांगितलं की आडवा माणूस हा बसलेल्यापेक्षा जास्त बसलेला असतो. सोमाने कपाळाला हात लावला आणि पुढची सगळी वर्षं उभ्याने काढली.

सोमाचा मुलगा रावजी, आणि रावजीची बायको अनशी. गोष्ट खरी तिची आहे. बाकीचे आले ते तिच्यापर्यंत पोचायला.

अनशी आली तेव्हा खोपीचा कारभार रावजीच्या हातात होता. तो पहाटे माडावर चढायचा, दिवसभर वाढायचा. ती बांगडे भाजायची, वाटाण्याची उसळ करायची. दुपारी सगळे तांडे पुढे निघून जायचे, तेव्हा घटकाभर खोप रिकामी व्हायची. एक माणूस नाही. मग ती दोघं दाराशी ठेवलेल्या बाकड्यावर बसायची. उन्मळून पडलेल्या फणसाच्या झाडाच्या फळ्या चिरून रावजीने ते मुद्दाम दोघांपुरतं केलं होतं, दाराशी, खाडीचा वारा लागावा म्हणून. बोलायची फारसं नाही. पाय लांब करायची. लांबून बैलांच्या गळ्यातले घुंगुर ऐकू आले की रावजी म्हणायचा, "चल गो, इले," आणि दोघं उठायची. अनशीच्या लेखी संसार म्हणजे ती घटका. बाकी सगळं काम होतं.

मग रावजी माडावरून पडला. तीन पिढ्या चढले होते, कधी ना कधी कुणीतरी पडणारच होतं. त्याला खोपीतच आणून निजवला. करवंटी त्याच्या कमरेला बांधलेली होती, तो ती सोडायचा प्रयत्न करत होता, पण कुणी मागितल्याशिवाय गाठ सुटेना. खोपीत गाव उभं होतं. कुणी पुढे होईना. रावजीचा जीव त्या गाठीत अडकलाय हे अनशीला दिसत होतं.

"हय दी," ती म्हणाली. "माका दी."

गाठ सुटली आणि रावजीही सुटला. बाई खोपवाली झाली, त्यावर गावाने चार दिवस कुजबुज केली आणि पाचव्या दिवशी सगळे माडी प्यायला आले.

इथे खरी चूक झाली, आणि ती दांडेखोलच करू जाणे. गाव वाईट असतं तर बरं झालं असतं. गाव चांगलं होतं. गावचा गावकार भिवा, म्हणजे देवाच्या कामात पहिला मान असलेला माणूस, त्याने वडाखाली चार जाणत्यांना बोलावलं. "रावजी गेलो," तो म्हणाला. "मूलबाळ नाय. बाईमाणूस एकटा रवाक नये. आपण पाळी लावून तिच्या सोबतीक बसूया. खोप रिकामी पडाक देवची नाय." सगळ्यांना पटलं. कुणाच्याही डोळ्यांत खोट नव्हती. देवळातल्या पाळ्या लावतात तशा पाळ्या लागल्या. सकाळी अमुक, दुपारी तमुक, आणि रात्री ज्यांना घरी झोप येत नाही असे म्हातारे कांबळं घेऊन खोपीत आडवे.

आणि खोप पुन्हा कधी रिकामी झाली नाही.

पहिल्या दुपारी तांडे निघून गेले तेव्हा अनशी पदराला हात पुसत दाराशी आली. बाकड्यावर भिवा गावकार बसला होता. तिच्यासाठी केळ्यांचा घड घेऊन आला होता. "ये गो," तो म्हणाला, "तुका वाघाची गोष्ट सांगतंय." ती मेढीला टेकून उभी राहिली. त्याने गोष्ट सांगितली. चांगली होती. दुसऱ्या दिवशी त्याने तीच सांगितली, आणि तिसऱ्या दिवशीही.

वर्षं गेली. अनशी उभी. उभ्याने जेवायची, उभ्याने वाढायची, आणि रात्री म्हातारे घोरायला लागले की मेढीला पाठ लावून घोडं झोपतं तशी उभ्याने डोळे मिटायची. मेढीचं लाकूड तिच्या पाठीने झिजलं, तिथे खोबण पडली. पाय सुजले. पोटऱ्यांवर शिरा उठल्या. पण डेरा तिच्या काळात कधी तळाला गेला नाही. रावजीचा धाकटा भाऊ नथू सकाळी दोन मडकी आणून ओतायचा आणि दिवसभर पन्नास माणसं प्यायची, तरी संध्याकाळी करवंटी बुडेल एवढी माडी उरायचीच, असं म्हणतात. लोक म्हणायचे, अनशीच्या हाताला गुण आहे. हाताला गुण होता, पायांचं कुणी विचारलं नाही.

तिला राग यायचा का? यायचा. भिवा गोष्ट सुरू करायला खाकरला की तिला डेरा त्याच्या डोक्यावर उपडा करावासा वाटायचा. मग तो घरून आणलेली भाकरी तिच्या पुढ्यात धरायचा, "तुझ्यासाठी ठेवलंय," म्हणायचा, आणि तिचा राग विरायचा, नि नुसता थकवा उरायचा. रागापेक्षा थकवा वाईट. राग निदान उठून जातो.

तिला फक्त एकदा बसायचं होतं. त्या फणसाच्या बाकड्यावर, पाय लांब करून. यापलीकडे तिचं काही मागणं नव्हतं.

शेवटी तिने ठरवलं की करवंटी कुणाच्या तरी हाती द्यायची. पण द्यायची म्हणजे समोरच्याने मागायला हवी. म्हणून ती आडून आडून बोलायला लागली. नथूला म्हणाली, "आता तूच बघ रे खोप." नथू म्हणाला, "वयनी, मी वरचो माणूस. माडार दिवसभर रवान, पण खाली जमनीर उभो रवाक माका जमूचा नाय." गुरवाच्या सुनेला म्हणाली, तिने तोंडाला पदर लावला. "तुमच्यासारख्या कोणाक जमतला?" असं ती म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं. जो तो तेच म्हणायचा. अनशीसारखं कोणाला जमणार. माणसाची स्तुती केली की त्याचं ओझं आपल्याला उचलावं लागत नाही.

त्या साली जत्रेच्या दिवशी अनशीने सकाळीच मनाशी धरलं, की आजचा दिवस काढायचा आणि उद्या राखणदाराच्या पायांशी जाऊन आपलं मरण मागायचं. तिने पहिली करवंटी दगडावर ओतली. शेजारी गावाने ठेवलेल्या कोऱ्या वहाणा होत्या. त्यांच्याकडे बघून ती म्हणाली, "तुका निदान वहाणो तरी मेळतत." आणि खोपीत आली.

जत्रेचा दिवस, खोप शिगोशीग. मचव्यावरची माणसं, घाटावरची माणसं, गावातली माणसं, बाकड्यांवर जागा नाही म्हणून जमिनीवर फतकल मारून बसलेली. दाराशी फणसाच्या बाकड्यावर भिवा गावकार, आता चांगला म्हातारा झालेला. अनशी वाढत होती. दुपारच्या सुमारास एक उंच माणूस दारातून वाकून आत आला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. पायांतल्या वहाणांचे तळ इतके झिजले होते की नुसते पट्टे उरले होते.

"बसा," अनशी म्हणाली.

"नको बाई. बसायची सवय राहिली न्हाई." तो उभाच राहिला. तिने प्यायची करवंटी भरून दिली. त्याने ती उभ्याने घेतली, परत केली, आणि तिच्याकडे बघत राहिला. खोपीत कुणी तिच्याकडे असं बघायचं नाही. खोपीत सगळे करवंटीकडे बघायचे.

"बाई," तो म्हणाला, "कवापासनं उभी हाईस?"

"सकाळपासून."

"आजचं न्हाई इचारत."

अनशी दुसऱ्याची करवंटी भरत होती, ती भरून वाहिली आणि माडी जमिनीवर सांडली. तिच्या हातून कधी थेंब सांडला नव्हता. गोंगाटाने कधी कुणी मागे वळून बघितलं नसतं, पण सांडलेल्या माडीकडे सगळ्यांनी वळून बघितलं.

तो माणूस भिवाकडे वळला. "गावकार, तुमी हितं रोज बसता?"

"रोज," भिवा छाती काढून म्हणाला. "हिचो घोव गेलो तेव्हापासून. माझी पाळी नसली तरी येतंय. हिका एकटी म्हणून सोडलंव नाय. एक दिस नाय."

"चांगलं केलंत. आन तुमी बसलेलं असता तवर ती काय करती?"

भिवाने मेढीकडे बघितलं, मेढीतल्या खोबणीकडे.

धाकूचा शब्द गावाला पाठ होता. शेंबड्या पोरालाही विचारलं तर सांगितलं असतं, की माणूस बसलेला असेल तोवर खोपवाला बसत नाही. आणि सोबतीची पाळीही गावाला पाठ होती. पण या दोन गोष्टी एकमेकींना लागून ठेवायचं इतक्या वर्षांत कुणाला सुचलं नव्हतं. आता सुचलं. आणि सुचलं तसं एकेकाची मान खाली गेली.

"उठा," तो माणूस म्हणाला. आवाज चढवून नाही, दमलेल्या माणसाच्या आवाजात. "तिला बसू द्या."

भिवा उठला. काठी धरून, एक गुडघा, मग दुसरा. उठून तो अनशीसमोर आला. त्याचे डोळे भरले होते. "गो अनशी," तो म्हणाला, "माका सांगलंस कित्याक नाय?"

"तुमी माझ्यासाठी बसल्यात, गावकारानू," ती म्हणाली. "उठा कसा म्हणू?"

मग नथू उठला. मग तांडेल उठले, बैलवाले उठले. जमिनीवरचे उठले, कोपऱ्यात डुलक्या घेणाऱ्यांना शेजाऱ्यांनी बखोटीला धरून उठवलं. बाहेर अंगणात रवंथ करत बसलेले बैलसुद्धा उठून उभे राहिले, असं म्हणतात. साऱ्या खोपीत एक माणूस बसलेला राहिला नाही.

अनशी बाकड्यापाशी गेली, पण तिचे गुडघे वाकेनात. ते वाकणं विसरले होते. नथूने एका अंगाने धरलं, गुरवाच्या सुनेने दुसऱ्या अंगाने, आणि भरलेला हंडा उतरवतात तशी तिला हळूहळू खाली टेकवली. ती बसली. तिने पाय लांब केले. दारातून खाडीचा वारा येत होता. शेजारची जागा रिकामी होती, ती तिने हाताने एकदा पुसली.

भिवा तिच्यासमोर उभा होता. "करवंटी दी," तो म्हणाला.

खोपीत हालचाल झाली. कुणीतरी मागून म्हणालं, "गावकारानू, इचार करा. मागलात तर तुमच्या गळ्यात पडतली." गावकाराच्या घराण्यातला माणूस माडी वाढणार, हे आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

"पडांदे," भिवा म्हणाला.

अनशीने करवंटी पुढे केली. इतकी वर्षं तिच्या मुठीला चिकटलेली ती करवंटी, अलगद सुटली. भिवाने ती डेऱ्यात बुडवली, एका प्यायच्या करवंटीत ओतली, आणि ती दोन्ही हातांनी तिला दिली. अनशीने जन्मात पहिल्यांदा माडीचा घोट घेतला. तोंड वाकडं केलं.

"आंबट आसा," ती म्हणाली. "इतकी वर्सां ह्या पितास तुमी?"

कुणी हसलं, कुणी रडलं. आणि अनशीने भिंतीला डोकं टेकलं आणि ती झोपली.

ती झोपली तशी खोपीत कुणी हलेना. बसायचं कुणाला धाडस होईना. नवीन तांडा आला, त्याला दारातच सांगितलं, उभे राहा, अनशी बसली आहे. तेही उभे राहिले. देवळातल्या देवाची पालखी ढोल वाजवत खोपीपाशी आली. रिवाजाप्रमाणे तिथे पालखी टेकवायची असते. भोयांनी आत बघितलं, ढोल थांबवले आणि पालखी खांद्यावरच धरून उभे राहिले. ती त्यांना जड झाली नाही. कापसाची झाली, असं म्हणतात. खाडीची भरती काठाशी येऊन थबकली. सूर्य माडांच्या शेंड्यांशी आला आणि खाली उतरायचं विसरला. त्या दिवसासारखा लांब दिवस दांडेखोलने पुन्हा पाहिला नाही. अनशीची किती वर्षांची झोप होती, ती पुरी व्हायला तेवढा दिवस लागला.

ती जागी झाली तेव्हा दिवेलागण होत होती. बघते तर सगळं गाव ताटकळत उभं, आणि मेढीच्या खोबणीत पाठ लावून भिवा गावकार, हातात करवंटी, पाय थरथरताहेत. "बसा की," अनशी म्हणाली. तेव्हा कुठे लोक बसले. भिवा सोडून.

तो घोंगडीवाला मधेच केव्हा गेला ते कुणी पाहिलं नाही. पण राखणदाराच्या दगडापुढे सकाळी ठेवलेल्या कोऱ्या वहाणा जागेवर नव्हत्या, आणि तिथे पट्टे उरलेल्या जुन्या वहाणा होत्या. देव स्वतः आला होता, असं म्हणतात. काही जण म्हणतात, कसला देव घेऊन बसलात, तो घाटावरचा गूळवाला होता आणि जाता जाता वहाणा उचलून गेला. असेल. गूळवाला असला तरी त्याने विचारलं. गावात कुणी विचारलं नव्हतं.

पुढे भिवा गावकार खोपवाला झाला आणि मरेपर्यंत राहिला. अनशी रोज संध्याकाळी गिऱ्हाईक म्हणून यायची आणि फणसाच्या बाकड्यावर बसायची. माडी आंबट आहे अशी रोज तक्रार करायची. भिवाला उभं ठेवायला ती मुद्दाम उशिरापर्यंत बसायची, असंही म्हणतात, आणि तसं असेल तर तिला कोण नावं ठेवणार. पण एक होतं. रोज दिवेलागणीला ती काठी आपटून म्हणायची, "उठा सगळे." सगळे उठायचे. मग ती बाकड्यावर बाजूला सरकायची, त्या घटकेपुरती गिऱ्हाईक नव्हे तर घरची, आणि भिवा तिच्या शेजारी घटकाभर बसायचा. कधी कधी तो तिला तीच वाघाची गोष्ट सांगायचा. आता तिला ती बरी वाटायची.

अनशी गेली कधी, ते गावाला ठाऊक नाही. तिला बाकड्यावर बसलेलं सगळ्यांनी पाहिलं, उठून जाताना कुणी पाहिलं नाही. म्हणून ती अजून बसलेली आहे असं दांडेखोल धरून चालतं.

भिवानंतर नथूची सून खोपवाली झाली, तिच्यानंतर तिचा मुलगा, आणि तसंच खाली खाली. सगळ्यांची नावं सांगत बसलं तर तुम्हाला झोप येईल. आता घाटातून डांबरी रस्ता आहे. बैलांचे तांडे गेले, मचवे गेले. खोपीवर पत्रा आला, आत फ्रीज आला, बाटल्या आल्या, प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. मेढ मात्र काढलेली नाही, खोबणीसकट आहे. आणि दाराशी फणसाचं बाकडं आहे. त्यावर गिऱ्हाईक बसत नाही.

दांडेखोलमध्ये लग्न असलं तरी शेवटची पंगत वाढणाऱ्यांची असते. तेव्हा वऱ्हाड उठतं, नवरानवरी उठतात, आणि ज्यांनी दिवसभर वाढलं त्यांना बसवून वाढतात. त्याला अनशीची पंगत म्हणतात. घराघरांतही आहे ते. कुणी पाळतं, कुणी विसरतं, घरं आहेत ती. पण खोपीत मात्र चुकत नाही. दिवेलागण झाली की सगळे उठतात. ग्लास हातात, गप्पा बंद. खोपवाली बाकड्यावर जाऊन बसते, आणि गिऱ्हाइकांतलाच एक जण तिला भरून देतो.

आत्ताची खोपवाली शैला. गुडघ्यांनी बेजार आहे, डॉक्टरने उभं राहू नका म्हणून सांगितलंय, आणि ती त्याला हो म्हणून आलीय. परवा एक गाडी थांबली, शहराकडचं माणूस, खुर्चीत रेलून मोबाईल बघत बसलेलं. दिवा लागला. सगळे उठले. याचं लक्ष नव्हतं. शैला काउंटरमागे तशीच उभी राहिली, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत, वाट बघत. त्या घराण्यातल्या बायका स्वतःसाठी उठा म्हणत नाहीत.

मग शेजारच्या म्हाताऱ्याने त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला.

"उठा जरा," तो म्हणाला. "तिला बसू द्या."

माणसाने वर बघितलं. काय ते त्याला कळलं नाही, पण तो उठला. शैला दाराशी गेली, बाकड्यावर एका कडेला बसली, दुसरी कड मोकळी ठेवून, आणि तिने पाय लांब केले.